कटकला मीच का

९ नोव्हेंबर, रविवार

आणि परत तेच. मी नाही कधी म्हणलो? मी एवढंच विचारलं, मीच का. तर शेठ म्हणाले, "तुला सरळ बोललेलं पचत नाही का रे?" पचतं. पण मग सरळ उत्तर द्यावं. दिवाळीपासून हे तिसऱ्यांदा झालं. मी विचारायचं मीच का, त्यांनी म्हणायचं विचार कर. आणि विचार कर म्हणून झालं की लगेच कटकच्या गाळ्याची लांबी रुंदी सांगायची. गाळा घेऊन झालाय तर माझ्या विचाराची वाट कोण बघतंय?

नीट लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कुणी काही फिरवलं तर माझ्याकडं असेल. विश्वास शेठ ओरिसात कटकला दुसरं दुकान काढणार आहेत. तिथं चांदीचं काम लई, म्हणून गलाईला काम लई. आमच्या खानापूर तालुक्यातली निम्मी पोरं गलाईला देशभर पांगलीत. जुनं सोनं वितळवायचं, तेजाबात म्हणजे ॲसिडात टाकायचं, खोट बाहेर काढायची, शुद्ध झालेलं सराफाला तोलून परत द्यायचं. मी भोपाळच्या चौकात शेठच्या भट्टीवर चार वर्षं बसतोय. आता शेठ म्हणतात, रवींद्र, तू कटकला जा, दुकान सांभाळ, चार आणे भागीदारी तुझी.

मी नववीला शाळा सोडलेला. अभिजीत बारावी पास, सात वर्षं इथं, हिशोब तोच लिहितो. त्याला सोडून मला भागीदारी. ह्यात काहीतरी आहे.

१० नोव्हेंबर

अभिजीतला विचारलं, तुला का नाही पाठवत? म्हणला, "मला बायको आहे. तुझं काय, उचलली पिशवी की झालं." बायको त्याची गावाला असते. वर्षातनं दोनदा भेटते. कटकवरनं भेटली नसती काय?

१३ नोव्हेंबर

आज सकाळी गल्लीच्या तोंडाला चहा घ्यायला गेलो तर चहावाला म्हणतो, "क्या मियाँ, सुना है जा रिये हो?" मी म्हणलो कुणी सांगितलं? "सब बोल रिये हैं." सब म्हणजे कोण? शेठ, अभिजीत आणि मी, तिघांनाच माहिती. आईला फोनवर सांगितलं ते चौथी. आई काय भोपाळच्या चहावाल्याला फोन करणार नाही.

दुपारी काम कमी होतं. अभिजीत म्हणला, "सारखा काय पुटपुटतोस? मधे रेघ मार, डाव्या अंगाला फायदे लिही, उजव्या अंगाला तोटे. कळेल." लिहिलं.

तिथं आपल्याला कुणी ओळखत नाही, हे फायद्यात लिहिलं. मग तोट्यातपण तेच लिहावं लागलं. चार आणे, फायदा. पण चार आणे कशाचे, खर्च कोण धरणार, वही कुणाकडं, हे तोट्यात. चार आणे दोन्हीकडं आले. तिथली भाषा येत नाही, तोटा. तिथली भाषा येत नाही म्हणून कुणी आपल्याबद्दल काय बोललं ते कळणार नाही, तर हा फायदा का तोटा? इथं कळतं, त्यानं काय झोप लागते काय?

भोपाळ सोडलं तर सकाळचे पोहे जातील, ते मला आवडतात, इथं वरनं बारीक शेव आणि जिरावण मसाला टाकतात. तलाव जाईल. रविवारी अर्धी सुट्टी असते तेव्हा मी काठावर जाऊन बसतो, कुणी काही विचारत नाही. चार वर्षांत हिंदी नीट बोलायला आलो, ते वाया. आणि सुटेल काय, तर दुकानावरचा माळा, जिथं उभं राहिलं की डोकं लागतं. अभिजीतचं घोरणं. शेठच्या बायकोचा, वहिनींचा काढा. आणि खोकला. इथल्या थंडीनं मला सारखा खोकला असतो. कटक समुद्राजवळ, थंडी नाही म्हणतात. खोकला फायद्यात टाकला.

मोजलं तर फायदे नऊ, तोटे नऊ. अभिजीत बघून म्हणला, "हे तू मुद्दाम केलंस."

१४ नोव्हेंबर

काढ्याचं लिहायचं राहिलं. शेठ कोलार रोडला राहतात. आमचा दोघांचा डबा तिकडनं, निर्मला वहिनींच्या हातचा, सकाळी शेठसोबत येतो. महिना झाला, माझ्या डब्याबरोबर एक बाटली येते काढ्याची. तुळस, आलं, आणखी काहीतरी कडू. अभिजीतच्या डब्याबरोबर येत नाही. पहिल्या दिवशी प्यालो. नंतर मोरीत ओततो. एकालाच का?

ह्या धंद्यात असं वाटणारच. इथं आम्ही हात धुतलेलं पाणीसुद्धा शेठचं असतं, पिंपात साठवतात, वर्षाला गाळतात. पाय पुसायचं पोतं जाळून त्याच्या राखेतनं सोनं काढतात. संध्याकाळी बाहेर पडताना केसातनं हात फिरवून दाखवायचा. चार वर्षं ज्याला रोज केस झटकून दाखवलं तो एका दिवसात भागीदार करतो म्हणतो.

१६ नोव्हेंबर, रविवार

ऐकलं. आता कळलं मीच का.

रविवारी जेवायला आम्ही कोलार रोडला जातो. अभिजीत गाडी लावत होता, मी आधी वर गेलो. दार उघडंच होतं. आत मिक्सर चालू, वरनं पंखा. स्वयंपाकघरातनं वहिनी मोठ्यानं बोलत होत्या, मिक्सरमुळं मोठ्यानं. म्हणाल्या, "रवीची आधी सही करवून घ्या, मग पाठवा." शेठ काहीतरी बोलले. मग परत वहिनी, "तिथं नाही. इथं. माझ्या समोर. वरुणच्या वेळी तुम्ही असंच केलं." मग मला खोकला आला आणि दोघं गप्प झाले. मिक्सरपण बंद झाला.

जेवताना वहिनी म्हणाल्या, "घे ना रवी, शरमू नको, भरता तुझ्यासाठी केलाय." त्या उज्जैनच्या, मराठीच, पण तीन पिढ्या इकडं. त्यांचं मराठी हिंदीला टेकून चालतं. माझ्यासाठी भरीत केलं. आणि माझ्याच सहीची घाई.

कसली सही ते मला कळतंय. भागीदारीचा कागद म्हणजे कर्जाचापण कागद. गाळा, नवी भट्टी, काटा, सगळं माझ्या नावावर. चाललं तर बारा आणे त्यांचे, बुडालं तर रवींद्र नावाचा माणूस ओरिसात.

वरुण माझ्या आधीपासनं भट्टीवर होता. दोन वर्षांपूर्वी अचानक गावाला गेला तो आलाच नाही. सगळे म्हणत होते, कंटाळला. त्याचीपण सही घेतली होती तर.

१८ नोव्हेंबर

शेठ आज काय म्हणाले? "आधार कार्ड आणि दोन फोटो दे." मी विचारलं कशाला. "लागतंय." मी म्हणलो हरवलंय. आधार माझ्या शर्टाच्या आतल्या खिशात होतं, बोलताना छातीला टोचत होतं. शेठ बघतच राहिले. म्हणाले, "कधी हरवलं?" मी म्हणलो, बघावं लागेल. हरवलं कधी ते बघावं लागेल, असलं उत्तर दिलं. घाई झाली.

अभिजीत वर आल्यावर हसत होता. म्हणला, "तुझ्या नावावर कर्ज? बँकवाले चहा पाजतील तुला, एवढा विनोद केला म्हणून." हसू दे. पण ह्याला कर्जाचं कुणी सांगितलं? मी तर फक्त ह्या वहीत लिहिलंय.

१९ नोव्हेंबर

वहीच्या पानात काल केस ठेवला होता. आज नाही. कुणी वाचत असेल तर त्यानं समजून घ्यावं, मला सगळं कळतंय.

अभिजीतला विचारलं कर्जाचं तुला कसं कळलं. म्हणला, "तू झोपेत बोलतोस. आणि खोकतोस. दोन्ही बंद कर."

२१ नोव्हेंबर

वरुणला फोन केला. नंबर गावाकडनं मिळवला, त्याला तीन दिवस लागले.

तो खूश झाला. म्हणला, "रव्या, भोपाळात आहेस अजून? पोहेवाला आहे का?" मी सरळ विचारलं, शेठनं तुझी कसली सही घेतली होती? म्हणला, "सही? माझी कुठली सही?" मी म्हणलो आठव. जायच्या आधी. म्हणला, "थांब जरा. जिना चढलोय." आणि बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता, मोठ्यानं, शिट्टी वाजल्यासारखा. मग म्हणला, "सही बिही काही नाही. वहिनी मागं लागल्या होत्या दवाखान्यात चल. शेठ म्हणाले गावाला जाऊन आराम कर, मोकळी हवा आहे. मला तेच बरं वाटलं. दवाखान्यात काय काय सांगतात, भीती वाटली." मी विचारलं आता काय करतोस. "बसतो. भावाचं किराणा दुकान आहे, तिथं बसतो." आणि म्हणला, "तू भट्टीवरच आहेस का?" मी हो म्हणलो. मग म्हणला, "बरं."

फोन ठेवल्यावर आठवलं. वरुणच्या घराला जिना नाही. मी त्याच्या घरी गेलोय, पत्र्याचे दोन खण, पुढं अंगण. दुकानपण रस्त्याला लागून. मग खोटं का बोलला?

२२ नोव्हेंबर

दिवसभर जिन्याचाच विचार. लग्नसराई आहे, सोन्याचा भाव असा की लोक आजीच्या पाटल्यासुद्धा मोडायला आणतायत. चार इमलीच्या सरकारी बंगल्यांतल्या कुण्या साहेबाच्या बायकोनं डबाभर आणलं. तेजाबात टाकलं की पिवळा तांबूस धूर उठतो, पंखा ओढतो, पण पंखा जुना. मी नेहमीसारखा तोंडाला रुमाल बांधला. आज पहिल्यांदा रुमाल काढून बघितला. आतल्या बाजूला पिवळा होता.

माळ्यावर जाताना आमच्या सात पायऱ्या आहेत. मी पाचव्या पायरीवर थांबतो. कधीपासून थांबतो ते आठवेना.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज सगळं बोललो.

ताटं वाढून झाली होती. मी बसलो नाही. म्हणलो, "शेठ, मी कुठल्याही कागदावर सही करणार नाही. आधी सांगून ठेवतो." शेठनी भाकरी मोडता मोडता वर बघितलं. "कसला कागद?" मी म्हणलो, "मागच्या रविवारी मी ऐकलंय. वहिनी म्हणाल्या, रवीची आधी सही करवून घ्या, मग पाठवा."

वहिनींच्या हातात पळी होती. त्या आधी हसल्या. मग हसायच्या थांबल्या आणि पळी खाली ठेवली.

"अरे बावळ्या," त्या म्हणाल्या, "रवीची नाही. रवीचं. रवीचं आधी सही करवून घ्या. तब्येतीचं. सही, मतलब ठीक. दुरुस्त."

मी म्हणलो, "सही म्हणजे सही."

"तुमच्या गावात. आमच्या घरात सही म्हणजे बरोबर. नाव लिहितात त्याला आम्ही दस्तखत म्हणतो."

शेठ ताटात बघून म्हणाले, "लग्नाला बावीस वर्षं झाली. हिची सही कुठली ते मलाच अजून कळत नाही." अभिजीत हसला, पण कुणी त्याला साथ दिली नाही.

वहिनी शेठकडं वळल्या. "आता सांगा त्याला. तो विचारतो ना, मीच का. सांगा." शेठ म्हणाले जेवण होऊ दे. वहिनी म्हणाल्या, "नाही. वरुणच्या वेळी पण जेवण होऊ दे, दिवाळी होऊ दे, असंच चाललं. तो मुलगा चालता चालता बसत होता, आणि तुम्ही त्याला गाडीत बसवून दिलं. इलाज करवून मग पाठवायचं होतं. मी ह्याला काढा देते महिनाभर, ह्याला काही फरक नाही."

मी खाली बघितलं. मोरीतल्या काढ्याचं काही बोललो नाही.

मग शेठ बोलले. चार वर्षांत पहिल्यांदा एवढं सरळ बोलले. "दोन वर्षांत दोन पोरं माझ्या भट्टीवरनं खोकत गावाला गेली, तर उद्या तालुक्यातनं मला पोरगं कोण देईल? तिकडं नवी जागा, हवा वेगळी, तुला भागीदारी. तुझंपण चांगलं, माझंपण. ह्यात वाईट काय केलं मी?"

म्हणजे माझा संशय खोटा नव्हता. कागद नव्हता, एवढंच. भोपाळात खोकलो तर शेठची भट्टी वाईट. कटकला खोकलो तर ओरिसाची हवा वाईट.

वहिनी म्हणाल्या, "आधार कार्ड मी मागवलं होतं. दवाखान्यात लागतं. हरवलं तर बिना आधारचं बघू."

मी खिशातनं काढून ताटाशेजारी ठेवलं. अभिजीत म्हणला, "सापडलं वाटतं." ह्या वेळी वहिनीपण हसल्या.

२६ नोव्हेंबर

सरकारी दवाखाना. वहिनी सोबत. त्या रिक्षात सारखं सांगत होत्या, टेन्शन नको घेऊ. त्यांनीच घेतलं होतं.

खिडकीवरच्या माणसानं मला खोकताना ऐकून आधी विचारलं, "गैस वाला कार्ड है?" म्हणजे चौऱ्याऐंशीच्या गॅसकांडाचं. मी म्हणलो कसली गॅस, मी दिवाळीत तेवीसचा झालो. तो म्हणला इथं सवयीनं विचारतो. रांगेत म्हातारी माणसं होती, त्यांच्या हातात जुनी प्लॅस्टिकमधे घातलेली कार्डं. एक आजी मला बघून म्हणाली, "तू तो बच्चा है, तुझे क्या हुआ?" काय सांगणार, म्हणलं थंडी.

डॉक्टर तरुण, मधुरा नाव होतं पाटीवर, आडनाव वाचायच्या आत दार लोटलं. काम काय करतोस? म्हणलो सोन्याचं. तिनं माझे हात बघितले. "दुकान है?" नहीं, गलाई. मग ती नीट बसली. तेजाबापाशी किती तास? आठ, कधी दहा. पंखा? आहे. धुराडं? गल्लीच्या भिंतीला भोक आहे. किती वर्षं? तिनं पाठीला नळी लावली आणि श्वास घे म्हणाली, तो मी पुरा घेऊ शकलो नाही. आतापर्यंत मला वाटायचं एवढाच असतो.

वहिनी मधेच म्हणाल्या, "मॅडम, इसको दूसरे शहर भेज रहे हैं, कटक. वहाँ ठीक रहेगा ना?" डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाली, "वहाँ क्या करेगा?" मी म्हणलो, यही काम. तिनं पेन ठेवलं. "तो शहर बदलने से क्या होगा? कटक में तेजाब मीठा होता है?"

छातीचा फोटो काढला. थुंकी दिली. शुक्रवारी या म्हणाली.

२८ नोव्हेंबर

टीबी नाही. हे वहिनींनी तीनदा विचारून घेतलं. पण छाती धुरानं आतनं सुजलीय. तोंडात मारायचा पंप दिला, गोळ्या दिल्या. सहा महिने भट्टीजवळ जायचं नाही. सहा महिन्यांनी परत फोटो, मग ठरवू. मी विचारलं, नंतर बसता येईल ना भट्टीवर? ती म्हणाली, "बैठना है तो ऐसी जगह, जहाँ धुआँ ऊपर जाए, तुम्हारे अंदर नहीं."

दवाखान्यातनं बाहेर आल्यावर वरुणला फोन केला. मिरजेला जा, छातीचा फोटो काढ, असं सांगितलं. तो म्हणला बघू. मी म्हणलो बघू नको, जा. आणि मला माहितीय तुझ्या घराला जिना नाही. त्यावर त्यानं फोन ठेवला नाही.

२९ नोव्हेंबर

शेठशी बोलणं. दुकानात, काउंटरच्या मागं.

शेठ म्हणाले, "मग अडचण काय? तू कटकला जा, भट्टीवर बसू नको. नुसतं लक्ष ठेव. भट्टीला दुसरं पोरगं बसेल." मी विचारलं कुठलं पोरगं. "आणू गावाकडनं." मी विचारलं धुराडं करणार का, गच्चीपर्यंत. म्हणाले, "गाळा भाड्याचा आहे. मालक भिंत फोडू देत नाही." मी म्हणलो मग दुसरा गाळा बघा. म्हणाले, "आगाऊ रक्कम दिलीय. आणि तू आता मला धंदा शिकवणार?"

मी पुष्कळ विचार केला होता. गावाला जायचं तर मी करणार काय, शेती एक एकर आणि पाऊस नाही. कटकला जायचं तर गाळ्यात धूर साचणार, मी भट्टीवर बसलो काय आणि शेजारी बसलो काय, गाळा बारा बाय दहाचा. आणि माझ्या जागी बसेल ते पोरगं अठराचं असेल, शेठ, शेठ करत माझ्याकडं बघत बसेल. चार आणे मिळतील. गावात नाव होईल. आईनं गिरणीत दळण टाकताना सगळ्यांना सांगूनपण झालंय की रवी भागीदार होणार.

म्हणलो, "मला इथं काउंटरला ठेवा. अभिजीतच्या हाताखाली."

शेठ म्हणाले, "काउंटरला गोड बोलावं लागतं. तुझ्या तोंडाकडं बघितलं की गिऱ्हाइकाला वाटतं आपण चोरीचं सोनं आणलंय." मी म्हणलो कुणी कुणी आणतंच की. शेठना हसू आलं, पण लगेच आवरलं. म्हणाले, "काउंटरला अर्धा पगार. भट्टीचा पगार भट्टीवर बसणाऱ्याला." मी म्हणलो औषध? म्हणाले औषधाचं वहिनी बघतील.

वहिनी बघतील. म्हणजे शेठ बघणार नाहीत, पण बघू देतील. मी हो म्हणलो.

आणि चौकातल्या पंख्याचं बोललो. इथली भट्टी बंद राहणार नाही, तिच्यावर कुणीतरी बसणारच. शेठ म्हणाले बघू. मी म्हणलो कधी? म्हणाले, "आता तू तारीखपण लिहून घेणार का?" मी म्हणलो हो. म्हणाले पंधरा डिसेंबर. लिहून ठेवलं. १५ डिसेंबर, नवा पंखा आणि गच्चीपर्यंत पाइप.

१ डिसेंबर

कटकला अभिजीत जाणार. शेठनी त्याला संध्याकाळी सांगितलं आणि तासाभरात तो हो म्हणाला. बायकोचं काय विचारलं तर म्हणला, "भागीदाराची बायको आहे, कळेल तिला."

त्याला मी सगळं सांगितलं. गाळ्याचं, भिंतीचं, मालक भोक पाडू देत नाही त्याचं. डॉक्टरनं काय सांगितलं ते. वरुणचा श्वास कसा येतो ते. म्हणलो, जा, पण जायच्या आधी धुराड्याचं पक्कं करून घे.

तो पिशवी भरत होता. थांबून माझ्याकडं बघितलं. म्हणला, "आता कशाला सांगतोस?"

"आताच कळलं म्हणून."

"तुला मिळत होतं तोवर गप्प होतास. मला मिळालं तर धूर दिसायला लागला."

मी म्हणलो तसं नाही.

"मग तू का नाही गेलास? चार आणे सोडून अर्ध्या पगारावर कोण राहतं रे? काउंटर पाहिजे होतं तुला. माझी खुर्ची. सात वर्षांची."

त्याच्या जागी मी असतो तर हेच म्हणलो असतो. ह्याच्याहून वाईट म्हणलो असतो.

"माझ्या छातीचा फोटो बघ," म्हणलो. काळा फोटो त्याच्या हातात दिला. त्यानं दिव्याकडं धरला, उलटा धरला, परत सुलटा केला. म्हणला, "ह्यात मला काय कळतंय?" मलापण कळत नव्हतं. तरी फोटो त्यानं लगेच परत दिला नाही. वहिनींना फोन करून विचार म्हणलो. तर म्हणला, "वहिनी तर तुझ्याच बाजूच्या."

३ डिसेंबर

अभिजीत गेला. हबीबगंज स्टेशनला सोडायला मी गेलो होतो, नको म्हणाला तरी. त्याची एक पेटी मी उचलली, जिन्यावर दोनदा थांबलो. तिसऱ्यांदा थांबलो तेव्हा त्यानं पेटी माझ्या हातातनं घेतली. गाडीत बसल्यावर खिडकीतनं म्हणला, "धुराडं किती उंच लागतं?" मी म्हणलो गच्चीच्या वर चार हात. त्यानं मान हलवली. विश्वास ठेवला का नाही कळलं नाही.

काउंटरचा पहिला दिवस. एका बाईला म्हणलो, बिल आहे का ह्या कड्यांचं? ती रागावून गेली. शेठ म्हणाले, अशानं दिवाळं काढशील.

४ डिसेंबर

आईला फोन केला. चार दिवस टाळत होतो.

सांगितलं, कटकला गेलो नाही. भागीदार नाही. काउंटरला आहे, अर्ध्या पगारावर, सहा महिने. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "मग गिरणीत काय सांगू?" मी म्हणलो सांग, रवी बसून काम करतो आता, सावलीत. ती म्हणाली, "बरं."

मग मी छातीचं सांगायला लागलो आणि तिनं मधेच तोडलं. "माहिती आहे मला. उन्हाळ्यापासनं ऐकतीय फोनवर. तू म्हणायचास थंडी. मे महिन्यात कसली थंडी रं?"

मी म्हणलो मग विचारलं का नाहीस.

"विचारलं असतं तर म्हणला असतास, कशाला विचारतीस, कुणी सांगितलं. तुझ्याशी बोलायचं म्हणजे." मग म्हणाली, "पैसे नको पाठवू ह्या महिन्याला. औषधाला ठेव."

मी म्हणलो औषधाला आहेत. तिनं विचारलं किती आहेत. मी सांगितलं. परत विचारलं, खरं सांग. परत तेच सांगितलं. तिला पटलं नाही. बहिणीच्या, मेघाच्या शाळेची फी पंधरा तारखेच्या आत भरायची आहे हे ती बोलली नाही, मेघानं मागनं ओरडून सांगितलं. आईनं तिला गप केलं.

दर महिन्याला घरी नऊ हजार जातात. आत्ता दुकानाच्या पायरीवर बसून फोनवरनं पाठवले, आईला फोन करून आले का विचारलं, आले म्हणाली. साडेचार हजार.